झोळीतले शेंगोळे

रिद्धपूरच्या आमच्या आश्रमात भिक्षेचं अन्न चवीनं खायचं नसे. भाकर, पोळी, बेसन, वांग्याची भाजी, कढी, कुणाकडे सण असला तर पुरणाचा गोळा, जे काही झोळीत पडेल ते सगळं एका मोठ्या पितळी पातेल्यात ओतायचं, वरून पाणी घालायचं आणि हातानं कालवून टाकायचं. मग गोड तिखटात जाई, कढी पुरणात जाई, आणि ताटात जो पडे तो नुसता घास असे, कशाचाच नसलेला. मोठ्याबाई म्हणायच्या, "पोटाले द्यायचं, जिभेले नाही." मला पहिले कित्येक दिवस तो घास गिळताना रडू यायचं. सगळ्यांना वाटे, पोरगी अन्नाला नाकं मुरडते. तसं नव्हतं. आमच्या घरी तरी कुठं पंचपक्वान्नं होती? पण घरच्या कोरड्या भाकरीला आईच्या हाताचा वास होता, आणि या घासात इतक्या घरांचे हात कालवलेले असायचे की त्यातलं एकही घर माझं नाही हे प्रत्येक घासाला नव्यानं कळायचं.

माझं गाव बीड आणि नगरच्या शिवेवरचं, उघड्या डोंगरांचं. दिवाळी झाली की अर्धं गाव कोयते घेऊन ऊस तोडायला जायचं. एका हंगामात आई तिकडंच, फडावरच्या खोपीत तापानं गेली. आबा परत आले ते एकटेच. माझी शाळा सातवीनंतर सुटली ती तेव्हाच. मला शाळा फार आवडायची असं नाही, पण शाळेत बसलं की आपण कुठं बसायचं हे ठरलेलं असायचं, त्याचं मला बरं वाटायचं. वयात आलेली पोर, घरात बाई माणूस नाही, आणि बाप सहा महिने बाहेर. दोनच वाटा होत्या, टोळीतल्या कुणाला तरी देऊन टाकायचं नाहीतर कुणाच्या तरी आसऱ्याला ठेवायचं. आबा महानुभाव पंथाचे उपदेशी, म्हणजे घरदार ठेवून पंथाचा उपदेश घेतलेले. त्यांनी दुसरी वाट धरली. बस बदलत बदलत आम्ही वऱ्हाडात, रिद्धपूरला आलो. मी झोपून गेले होते, आणि डोळे उघडले तेव्हा भोवतालची भाषाच बदललेली होती. शेजारची बाई मला विचारत होती, "काहून व पोरी, रडून काहून राहिली?" मी झोपेत रडत होते, हे मला तिनं सांगितलं तेव्हा कळलं.

आबा मला मोठ्याबाईंच्या पुढ्यात बसवून, दंडवत घालून, पुढच्या दिवाळीला येतो म्हणून गेले. ते त्या दिवाळीला आले. नंतर एखादं वर्ष चुकायला लागलं. त्यांना तरी काय दोष द्यावा, ज्या दिवाळीला त्यांनी यायचं तीच टोळीची निघायची वेळ असे.

मोठ्याबाई म्हणजे आश्रमातल्या बायकांच्या प्रमुख. महंतबाबा पुरुषांच्या बाजूला असत, आमचं सगळं बाईंकडे. उंच, हाडकुळ्या, केस काढलेलं डोकं, काळी वस्त्रं, आणि चालताना कायम किंचित डावीकडे कललेल्या, कारण जन्मभर त्या खांद्याला झोळी. बोलणं थेट वऱ्हाडी. मी आमच्याकडचं बोलले की शांताबाई नावाची एक मधल्या वयाची तपस्विनी हसायची, पण बाई कधी हसल्या नाहीत. त्यांनी कधी जवळही घेतलं नाही. माझ्या चिंता तर सकाळपासून सुरू व्हायच्या. चपला कुठं ठेवायच्या, कोणत्या घड्यातलं पाणी घ्यायचं, दार लोटायचं की कडी लावायची, स्मरण करताना डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे. मी प्रत्येक गोष्ट विचारायची. बाई एकदाच सांगायच्या. दुसऱ्यांदा विचारलं तर नुसतं बघायच्या. मग मी रात्रंदिवस तेच घोकत बसायची, की आपण काही चुकवलं आणि यांनी परत पाठवलं तर जायचं कुठं?

साधू, महाराज, बाबा, देवाची माणसं कशासाठी असतात याची माझी तेव्हाची समजूत अगदी साधी होती. देव आत बसलेला आहे आणि हे लोक दारात. त्यांना खूश ठेवलं की आपलं काम आत पोचतं. गावातल्या लोकांची समजूतही फार वेगळी नव्हती. सकाळी स्थानांच्या ओट्यांना नमस्कार करून बायका बाईंकडे यायच्या. त्या गावात जागोजागी असे दगडी ओटे आहेत. पंथ मानतो ते देव माणसाच्या रूपात जिथं बसले, जिथं उभे राहिले, तिथं ते बांधलेले, आणि येणारा माणूस त्यांवर कपाळ टेकतो. कपाळ टेकून झालं की बाया बाईंपुढं बसून सांगायच्या, म्हैस दूध देत नाही, पोराचं लग्न जमत नाही, नवरा पिऊन येतो. बाई सगळं ऐकायच्या. पण अंगारा द्यायच्या नाहीत, दोरा बांधायच्या नाहीत, भविष्य सांगायच्या नाहीत. म्हशीचं असेल तर म्हणायच्या, ढोराच्या डॉक्टरले दाखव. एक ठसकेबाज म्हातारी एकदा सगळ्यांसमोर म्हणाली होती, "अंगारा नाही, गंडा नाही, ताईत नाही. तुमी कायच्या देवाच्या व बाई? आमच्या गावचा भगत बरा, कोंबडं खाते पण काहीतरी हातात तं देते." बाई म्हणाल्या, "मंग त्याच्याकडं जाय. पण म्हशीले डॉक्टर दाखव." म्हातारी तणतणत गेली, आणि दुसऱ्या आठवड्यात परत येऊन बसली.

तरी कुणाच्या घरी माणूस गेलं की पहिली हाक बाईंना असायची. त्या जायच्या. एकदा मला सोबत नेलं होतं. एका घरात तरणं पोर गेलेलं. मला वाटलं, आता बाई काहीतरी मोठं सांगतील, ज्ञान देतील. त्या ओसरीवर खांबाला टेकून बसल्या, आणि त्या पोराची आई रडायची थांबून परत रडेपर्यंत, परत थांबेपर्यंत, नुसत्या बसल्या. उठताना तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "उद्या येते." दुसऱ्या दिवशी खरंच गेल्या. येताना रस्त्यात मी विचारलं, तुम्ही बोलला का नाही? तर म्हणाल्या, बोलणारे तिथं लय होते.

त्या काळात मी एकच धरून बसले होते, दीक्षा. शांताबाईंनी घेतली होती, इतरांनीही घेतली होती. एकदा केस गेले, काळी वस्त्रं अंगावर आली, की मला कुणी परत पाठवू शकणार नाही. मी त्यांची होईन. देवाची होईन असं मी मनात म्हणायची खरी, पण डोळ्यांसमोर बाईच यायच्या. मी बाईंच्या अंथरुणाजवळ माझं अंथरूण घालायची. त्या पाणी प्यायला उठल्या की मी आधीच तांब्या घेऊन उभी. शांताबाई म्हणायच्या, "हे पोरगी सावलीले बी हटू देत नाही."

भिक्षेला मी निघायला लागले तेव्हा बाईंनी नेम सांगितला. घर निवडायचं नाही. गल्ली धरली की ओळीनं जायचं. कुणी चांगलं वाढतं म्हणून तिथं रोज जायचं नाही, कुणी हाकलतं म्हणून ते घर टाळायचं नाही. दारात लागतं तेवढंच थांबायचं, आणि कामापुरतं बोलायचं. मी मान डोलावली. काही दिवस अगदी तसंच केलं.

गावाच्या कडेला, संत्र्याच्या बागा सुरू होतात त्या बाजूला, माळ्यांची चार-पाच घरं होती. मेथी-कोथिंबीर आणि झेंडूवाले लोक. त्यातल्या एका दारात उन्हानं घसा सुकला म्हणून मी म्हणाले, जरा पाणी द्या की. आतून बाई धावतच बाहेर आली. हातात भाजीची जुडी तशीच.

"आगं, तू कोन्या गावची? मपल्याकडचं बोलतीस की."

तिचं नाव हिराबाई. आमच्या गावापासून चार कोसांवर तिचं माहेर. लग्न होऊन इतक्या लांब आली आणि तिचं तिकडचं बोलणं ऐकणारं कुणी उरलं नाही. नवरा तिच्या बोलण्याची नक्कल करायचा, सासू म्हणायची, नीट बोल. मला बघून तिच्या डोळ्यांत जे आलं ते मी कधी विसरणार नाही. तिनं मला पाणी दिलं, झोळीत भाकर टाकली, आणि म्हणाली, परवा ये, शेंगोळे करते. माझा भाऊ हुलगे देऊन गेलाय.

हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं पीठ, लसूण, मिरची, जिरं. पीठ घट्ट मळायचं, हातावर वळून वेटोळी करायची आणि फोडणीच्या पाण्यात शिजवायची. वऱ्हाडात हुलगे फारसे कुणी खात नाही. तिथं तूर, तिथं ज्वारी, तिथं बेसन. तिसऱ्या दिवशी मी गेले. तिनं झाकून ठेवलेली वाटी झोळीतल्या डब्यात ओतली, आणि डबा बंद करायच्या आधी मला वास घेऊ दिला. आई चुलीपाशी बसून शेंगोळे वळायची तेव्हा मी बाजूला बसून पिठाचे साप करायची. ते सगळं त्या वाफेत होतं. नंतर आश्रमात ते पातेल्यात गेलं, पाणी पडलं, कालवलं गेलं. पण शेंगोळे विरघळत नाहीत. घासात एखादं वेटोळं यायचंच.

पहिल्यांदा ते शांताबाईंच्या ताटात आलं. त्यांनी दोन बोटांनी उचलून धरलं आणि म्हणाल्या, "हे काय व? गांडुळासारखं?" सगळ्या हसल्या. मी मान खाली घातली. आईला कुणी नावं ठेवल्यासारखं झालं मला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या ताटातलं एक वेटोळं ताटाच्या काठाला सरकवून ठेवलं, जेवण संपेपर्यंत त्याच्याकडे बघितलं, आणि शेवटी तेही खाल्लं.

पुढच्या वेळी परत आलं. बाईंनी विचारलं, कोणाच्या घरचं आहे? मी सांगितलं, हिराबाईच्या. त्या "हं" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मला पलीकडच्या गल्लीत पाठवलं. मी त्या गल्लीतून गेले, ओळीनं, एकही घर न चुकवता, आणि शेवटच्या घरानंतर वळून हिराबाईच्या दारात उभी राहिले. मला नेम माहीत होता. मोडतेय हेही माहीत होतं. पण हिराबाई उंबऱ्यात बसून वाट बघत असायची, आणि मला वाटायचं, एवढ्या गावात माझी वाट बघणारं हे एकच माणूस आहे. झोळीत कधी शेंगोळे असायचे, कधी नुसतीच कोरडी भाकर, तिच्या हातची जाड, आमच्याकडची.

आजही मी हे कुणाला सांगते तेव्हा लोकांना हसू येतं. खाण्याची गोष्ट ती, त्यात काय एवढं. माझी सून म्हणते, आई, आता हुलग्याचं पीठ घरपोच मिळतं. मिळतं, खरंच मिळतं, तिनंच मागवलं होतं. मला सांगता येत नाही तिला, की तेव्हा ते नुसतं पीठ नव्हतं.

चैत्रातल्या मेळ्यात माझी दीक्षा ठरली. महंतबाबांनी होकार दिला, आबांना निरोप गेला. वस्त्रं काळ्या रंगात बुडवून अंगणातल्या दोरीवर वाळत घातली तेव्हा मी सारखी जाऊन त्यांना हात लावून यायची, वाळली का बघायला. बोटं काळी व्हायची. माझी रात्रीची झोप उडाली होती, पण आनंदानं. आता फक्त एक दिवस कसाबसा ढकलायचा होता.

त्या दिवशी सकाळी बाई म्हणाल्या, चाल, आज मी येते तुह्यासंगं. मी झोळी घेतली. दारातून बाहेर पडल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, तू पुढं हो. कोणती गल्ली ते सांगितलं नाही. मी विचारलं, तर नेहमीसारखं नुसतं बघितलं. मी चालायला लागले. मागं त्यांच्या पावलांचा आवाज. मला कळत होतं की ही परीक्षा आहे, म्हणून मी ठरवून उजवीकडे वळले, बाजाराच्या बाजूला. एक घर घेतलं, दुसरं घेतलं. तिसऱ्या घरी कुलूप होतं. तिथून पुढची ओळ डावीकडे जाते. मी काय केलं आठवत नाही. एवढंच आठवतं की थोड्या वेळानं मला झेंडूचा वास आला आणि समोर हिराबाईचा उंबरा होता.

हिराबाई मला बघून उठली आणि माझ्यामागं बाईंना बघून तिचा चेहरा पडला. तिनं डोक्यावर पदर घेतला, दंडवत घातला. मी तर मान वर करू शकले नाही. बाईंनी झोळी खांद्यावरून काढली, ओट्यावर ठेवली, आणि शांतपणे बसल्या.

"पोरीले आत घे," त्या हिराबाईला म्हणाल्या. "ताट वाढ. जेवू घाल नीट."

आमच्यात हे नव्हतं. कुणाच्या घरात बसून, त्यांच्या ताटात, असं जेवायचं नव्हतं. हिराबाईनं माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि मला दंडाला धरून आत नेलं. पाटावर बसवलं. शेंगोळे होते. गरम, न कालवलेले, वर तेलाचा तवंग आलेले. मी पहिला घास तोंडात घातला आणि मग मला जे रडू आलं ते आई गेली तेव्हाही आलं नव्हतं. हिराबाईही रडली. बाहेर बाई उन्हात तशाच बसून होत्या. मी ताट पुसून खाल्लं. एवढं रडूनही मी पुसून खाल्लं, हे आठवलं की आता हसूच येतं.

परत येताना वाटेत एका स्थानाचा ओटा लागतो. बाईंनी तिथं कपाळ टेकवलं आणि सावलीला बसल्या. मी उभीच.

"उद्या तुले दीक्षा नाही," त्या म्हणाल्या.

"माझं चुकलं बाई. मी पुन्हा न्हाई जाणार तिकडं."

"जाशीन. अन् नाही गेली तं जलमभर तिकडं पाहत राहशीन. बस खाली."

मी बसले.

"चुकलं काही नाही तुहं. ज्याले घर सोडायचं असते त्याचे पाय असे जात नाहीत, बाप्पा. तुह्या बापानं तुले इथं आणलं, काहून का दुसरीकडं जागा नव्हती. जागा नाही म्हणून कोणी संन्यास घेते का?" त्यांनी ओट्यावरचा पाचोळा हातानं झाडला. "मी घेतला. मले कोणी इचारलं नाही. मी तुह्यापेक्षा लहान होती."

बाईंना कधी आई-बाप असतील असं माझ्या मनातच आलं नव्हतं.

"मले देव भेटला," त्या म्हणाल्या. "उशिरा भेटला, पण भेटला. तुले भेटनच असं मी कशी सांगू? अन् नाही भेटला तं तुह्यापाशी काय राहीन?"

"तुम्ही हायेत की," मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. आजवर मी अनेक चेहरे बघितले, पण तसा नाही. रागावल्या नव्हत्या. दमलेल्या होत्या.

"मी तुही माय नाही, पोरी," त्या म्हणाल्या. "तुले माय पाहिजे. तुले चूल पाहिजे, उंबरा पाहिजे. ते वाईट नाही. पण ते मी देऊ शकत नाही, अन् देवाच्या नावावर ते द्यायचं ढोंग मी करणार नाही. आता ऊठ. पाणी भरायचं आहे."

आश्रमात हे कळलं तेव्हा बराच बोभाटा झाला. महंतबाबांनी आधीच होकार दिलेला, लोकांना सांगितलेलं. बाई त्यांच्याकडे जाऊन काय बोलल्या ते मला माहीत नाही. परत आल्या तेव्हा चेहरा नेहमीसारखाच होता. शांताबाई मात्र दोरीवरची वस्त्रं काढून घडी घालता घालता माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मले कोणी शेंगोळे खाऊ नाही घातले." त्या हसत म्हणाल्या असं मला तेव्हा वाटलं होतं.

आबा दुसऱ्या दिवशी आले. धुतलेलं धोतर, डोक्याला नवी टोपी, पोरीचं भाग्य बघायला आलेले. त्यांना सांगितलं तेव्हा ते अंगणातच उकिडवे बसले. "बाई, आता हिला कुठं नेऊ?" एवढंच म्हणाले. बाईंनी ते आधीच ठरवलेलं होतं. अकोल्याला एक उपदेशी बाई होत्या, कृषी विद्यापीठाच्या पोरांना डबे करून द्यायच्या. त्यांची मुलगी लग्न होऊन गेली होती, हाताखाली कुणी नव्हतं. बाईंनी सांगितलं, तिथं ठेवा, स्वयंपाक शिकू द्या. निघताना मी दंडवत घातला. वर बघितलं तेव्हा त्या आत गेल्या होत्या. मी त्यांच्या पाठीमागं मनात खूप काही बोलले. ते इथं लिहीत नाही.

अमरावतीला बस बदलली. आबांनी केळी घेतली, दोघांनी खाल्ली, सालं कुठं टाकायची म्हणून मी ती अकोल्यापर्यंत पदरात धरून ठेवली. मूर्तिजापूरच्या स्टँडवर आबा चहाला उतरले तेव्हा मला वाटलं की आता ते परत येणारच नाहीत, आणि मी खिडकीच्या गजाला दोन्ही हातांनी धरून बसले. ते आले, कपात चहा घेऊन, माझ्यासाठी. अर्धा सांडला होता. अकोल्याला त्या घरच्या दारात मला सोडून, "राहा नीट," म्हणाले आणि ऑटोत बसले. ऑटोचा आवाज गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत मी उभी होते.

ती पहिली दोन-तीन वर्षं फार एकटी गेली. त्या डबेवाल्या बाई, मी त्यांना मावशी म्हणायची, चांगल्या होत्या. रागावायच्या नाहीत, पोटभर खाऊ घालायच्या. पण संध्याकाळी शे-दीडशे पोळ्या लाटून झाल्या, स्टीलच्या डब्यांची चळत दाराशी लागली, पोरं डबे घेऊन गेली, की घर एकदम रिकामं व्हायचं आणि मी भिंतीला टेकून बसायची. मला वाटायचं, माझ्यासाठी देवाचंही दार बंद झालं. देवाच्या माणसानंच नको म्हटलं म्हणजे आणखी कुणाला विचारायचं? मावशी रोज स्मरण करायच्या. मी त्यांच्याजवळ बसायची, पण ओठ मिटून. बाईंचं नाव निघालं की मी उठून भांडी घासायला घ्यायची.

हळूहळू घासलेली भांडी कुठं ठेवायची हे मला विचारावं लागेनासं झालं. मीच ती जागा ठरवायला लागले. विद्यापीठात एकदा आमच्याकडचा एक मुलगा आला, डबा न्यायला आलेला असताना "हे जरा वाढीव द्या की" म्हणाला, आणि मी पोळपाट सोडून बाहेर धावले. मला हिराबाई आठवली. पुढच्या आठवड्यात मी हुलगे मिळवले. मग लग्न झालं, यजमान मावशींच्याच नात्यातले, ऑटो चालवायचे. त्यांनी मला कधी परकं वाटू दिलं नाही, म्हणजे माझ्या बोलण्याला कधी हसले नाहीत. मुलगा झाला. मावशी थकल्या तशी चूल माझ्याकडे आली.

आता कुणी बुवा, महाराज यांच्याविषयी घरात बोलणं निघालं की मुलगा वाद घालतो, हे लोक कशाला हवेत म्हणतो. मी ऐकून घेते. मला एवढंच माहीत आहे, की एका बाईला मी सावलीसारखी चिकटले होते, तिच्या म्हातारपणाला फुकटचा आधार झाले असते, पातेली उचलली असती, पाय चेपले असते. तिनं हो म्हटलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं, मला सगळ्यात जास्त.

मुलगा रांगत होता तेव्हाची गोष्ट. सकाळची, डब्यांच्या गडबडीची वेळ. शेजारीण ओरडून म्हणाली, "भिक्षेवाल्या बाया आल्या व." पंथातल्या तपस्विनी तेव्हा गावोगाव फिरत यायच्या. मी कणकेच्या हातानंच दारात आले. गल्लीच्या टोकापासून एक काळी आकृती ओळीनं येत होती, डावीकडे कललेली. मला ओळखायला वेळ लागला नाही. पण मी हाक मारली नाही. मारता आली नाही.

एकेक घर करत त्या आल्या. ज्या दारात नाही म्हणाले तिथून पुढं. मग माझ्या दारात उभ्या राहिल्या. म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांनी मला बघितलं, आणि ओळखलं, ते मला कळलं.

"बाई," मी म्हणाले, "जरा थांबा. आत बसा. हुलगे आहेत घरात. शेंगोळे करते."

"काय केलं आहे आज?"

"दोडक्याची भाजी. पोळ्या."

"मंग तेच टाक."

मी आत गेले, पोळीत भाजी घेतली. बाहेर आले तेव्हा त्या माझ्या खांद्यावरून आत बघत होत्या. चुलीकडे, डब्यांच्या चळतीकडे, चौकटीला धरून उभं राहायला बघणाऱ्या पोराकडे. झोळी उघडी धरली होती. मी त्यात पोळी-भाजी टाकली. आधी कुणीतरी भात टाकलेला होता, कुणीतरी वरण. त्यावर ती पडली. मी खाली वाकले, दंडवत घातला. डोक्यावर हात आला, हलका, आणि गेला.

त्या शेजारच्या दारात गेल्या. माझ्या दारात जेवढ्या थांबल्या होत्या तेवढ्याच तिथंही थांबल्या. मग त्याच्या पुढच्या. मी हातात रिकामं ताट धरून उभी होते, त्या एकदा तरी वळतील म्हणून बघत. आतून दूध उतू गेल्याचा वास आला, पोरगं रडलं, आणि मी पळत आत गेले.